दशांशानंतरचे आकडे

आमच्या वृत्तपत्रात दशांशचिन्हानंतर दोनच आकडे छापायचे, असा नियम होता. पाऊस, धानाचा उतारा, मतांची टक्केवारी, इटियाडोह धरणातला पाणीसाठा, सगळ्याला तोच. तिसरा आकडा पाच किंवा जास्त असेल तर दुसऱ्यात एक मिळवायचा, नसेल तर तो सोडून द्यायचा. वाचकाला तिसऱ्या आकड्याची गरज नसते आणि कॉलमात त्याला जागाही नसते. जिल्हा कार्यालयात आलेल्या नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात सांगितलं जाई. पुढे सांगावं लागत नसे. बोटांनाच सवय होई.

मी त्या कार्यालयात लागलो ते गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी. कार्यालय गोंदियात, घर तिरोड्यात. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, पानं छपाईला गेली की मिळेल त्या गाडीने परतायचं. घरी माय आणि धाकटी बहीण. वडील आधीच गेले होते. गावाबाहेर धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं लहान शेत, होती. तिच्यात आणि दुसऱ्यांच्या बांध्यांत माय रोवणी-कापणी करी. बहीण तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, गणित घेऊन.

तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे आणि त्याबद्दल बोलणारी घरं थोडी आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात त्याच्या पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. लहानपणी तिच्या दुखण्याला घरात वात म्हणत आणि तेल चोळत. शाळेत तपासणीचं पथक आलं तेव्हा खरं नाव कळलं. दोष आईकडूनही आला होता आणि वडिलांकडूनही. माझ्या वाट्याला तो एकाच बाजूने आला, म्हणून मला काही होत नाही.

परीक्षा तिने दिली, पास झाली, पुढे शिकली नाही. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता. ती काठी घेऊन घरातल्या घरात चाले. थंडीत दुखणं वाढे, तेव्हा ती खाटेवर असे. स्थळं आली. सांगू नये, असं मायचं म्हणणं होतं. बहीण पाहुण्यांपुढे पाण्याचे पेले ठेवतानाच सांगून टाकी, "मले सिकलसेल आहे. पोराचं रक्त तपासून आना, मंग पोहे खा." पुढे मायने पोहे भिजवणं सोडलं. पुढे स्थळं येणंही थांबलं.

चित्रांची सुरुवात त्या खाटेवर झाली. कॉलेजच्या एका पुस्तकात तिला एक खेळ सापडला होता. आलेखाच्या कागदावर त्रिकोणाचे तीन कोपरे मांडायचे. एका कोपऱ्यावर पेन्सिल ठेवायची. फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर पहिल्या कोपऱ्याच्या दिशेने अर्धं अंतर जायचं आणि ठिपका द्यायचा. तीन-चार पडले तर दुसऱ्या कोपऱ्याकडे, पाच-सहा पडले तर तिसऱ्याकडे. नव्या ठिपक्यावरून पुन्हा तेच. ल्युडोचा फासा घेऊन ती हे दिवसभर करी. फासा काय पडेल याचा नेम नाही, तरी ठिपके वाढत गेले तसा कागदावर एक आकार उमटला. मोठ्या त्रिकोणात लहान त्रिकोण, त्यांत आणखी लहान. आणि मधोमध एक उलटा त्रिकोण, पूर्ण कोरा.

"अठी एकही ठिपका पडत नाई," ती मला म्हणाली. "कितीबी फासे टाक. पडूच शकत नाई."

"काऊन?"

"तेच तं पाहून राहिली."

कारण तिला गणिताने माहीत होतं. ते तिने मला नंतर समजावलंही. पण त्या कोऱ्या जागेकडे ती ज्या पद्धतीने बघे, त्यावरून गणित पुरेसं नव्हतं असं दिसे. मी त्यावर काही विचारलं नाही.

काही वर्षांनी कार्यालयात नवे संगणक आले आणि जुन्यांतला एक मी घरी आणला. तो बसवून द्यायला आमचा ऑपरेटर तिरोड्याला आला. हा माणूस पानं लावायचा. माझ्यापेक्षा बराच मोठा, गोंदियाचाच, घरी हिंदी, खिळे जुळवण्याच्या काळापासून छपाईत. बहिणीला काय हवं ते त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला सायबर कॅफेतून एका सीडीवर एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून आणला.

प्रोग्रॅमचं काम फाशाच्या खेळासारखंच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. पडद्यावर चार-पाच त्रिकोण असत. प्रत्येक त्रिकोण म्हणजे बिंदूला हलवण्याचा एक नियम. एक नियम बिंदूला जवळ ओढी, एक फिरवी, एक वाकवी. संगणक दर वेळी त्यांतला एक नियम आपल्या मनाने निवडी, बिंदू हलवी आणि तिथे ठिपका देई. असं लाखो वेळा. जिथे ठिपके पुन्हा पुन्हा पडत तिथे उजेड होई, जिथे कमी पडत तिथे धूर, जिथे पडतच नसत तिथे काळोख. त्रिकोणाचा कोपरा माऊसने ओढला की सगळं चित्र बदले. बहीण माऊस वापरत नसे. प्रत्येक नियमामागे सहा आकडे होते, दशांशानंतर बऱ्याच स्थळांपर्यंतचे. ती त्यांतला एक आकडा धरी आणि त्याच्या तिसऱ्या किंवा चौथ्या स्थळी एकेकाने फरक करून बघे.

प्रोग्रॅममध्ये एक बटण होतं. ते दाबलं की संगणक आपणच आकडे निवडून तयार चित्रांची रांग लावी. ऑपरेटरने ते दाबून दाखवलं होतं. "देखो बहनजी, मेहनत खतम." ती हसली आणि तो गेल्यावर ते बटण तिने पुन्हा कधी दाबलं नाही.

मायला या कामात काही चालल्याचं दिसत नसे.

"काऊन वो, सकारपासून एकच आकडा काऊन बदलवून राहिली?"

"दोन संगं बदलवले तं कोन्त्यानं काय झालं ते समजत नाई, माय."

"भाजीत मीठ-तिखट संगंच टाकते मी."

"म्हनूनच तुही भाजी रोज येगळी होते."

छोटं चित्र पडद्यावर लगेच येई, पण ते भरड असे. माय त्याला सांडलेली कनकी म्हणे. कनकी म्हणजे तांदळाची चुरी. चित्र मऊ आणि मोठं हवं असेल तर ठिपके कितीतरी पटीने वाढवावे लागत आणि त्या जुन्या संगणकाला त्याला दिवस लागत. मध्ये वीज गेली की सगळं पहिल्यापासून. तिरोड्याजवळ औष्णिक वीज प्रकल्प येणार असल्याच्या बातम्या तेव्हा सुरू होत्या. तिरोड्यातल्या भारनियमनाच्याही सुरू होत्या. दोन्ही मीच लिहीत असे. बहिणीचं एकही मोठं चित्र घरी पुरं झालं नाही.

तिने अनेक चित्रं सुरू केली आणि टाकून दिली. एक ठेवलं. काळ्या-निळ्या पार्श्वभूमीवर तांब्याच्या रंगाच्या रेषा. त्या एकमेकींकडे वळत येत आणि शेवटी भिडायच्या आत मागे फिरत. त्यामुळे मधोमध एक जागा रिकामी राही. ती गोल नव्हती, लांबट नव्हती, तिच्या कडेला आणखी बारीक रेषा तसंच वळून मागे फिरताना दिसत. ती जागा एका आकड्यावर टिकून होती. चौथ्या स्थळी थोडा फरक झाला की ती आकसे, तिसऱ्या स्थळी झाला की मोडे. बहीण दीड-दोन वर्षं त्या एका आकड्याच्या मागे होती. तिला ती जागा नेमकी किती उघडी हवी होती हे तिला माहीत असावं. मला ते कधी दिसलं नाही.

"कशासारखं आहे हे?" मी एकदा विचारलं.

"दादाले कॅप्शन पाहिजे," ती मायला म्हणाली.

दुसऱ्या एका दिवशी मी तिला म्हटलं, की तिच्या रक्तातही एकाच जागी एक घटक बदललेला आहे आणि चित्रातही तसंच. डॉक्टरांच्या मुलाखतीतून ते मला कळलं होतं. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "पेपरवाल्यावानी बोलू नको गा." तो विषय तिथे संपला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. उजव्या डोळ्यात आधी काळे धागे तरंगले, मग लालसर धुकं आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: उजव्या डोळ्यात रक्त उतरलं आहे. डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून ती जिथे बघेल तिथे मधोमध डाग दिसेल आणि भोवतीचं दिसत राहील. डाव्या डोळ्यात सध्या रक्त नाही, पण त्यातही ते उतरू शकतं. केव्हा, ते सांगता येत नाही. लेझर केलं. परतीच्या गाडीत तिने एकच प्रश्न विचारला.

"डाग मोठा होईन का, असं काऊन नाई विचारलं तू त्यायले?"

"तू का नाही विचारलं?"

"मले उत्तर नोको होतं. तुले चाललं असतं."

घरी आल्यावर तिने संगणक लावला, ते चित्र उघडलं आणि बराच वेळ समोर बसली. पडद्यावर मधली जागा अंगठ्याएवढी होती. तिने मधोमध पाहिलं की डाग बरोबर त्या जागेवर बसे. जागा आहे, जागेत काळोख आहे आणि डाग आहे, हे तिन्ही एक झालं होतं. बाजूला नजर नेली की जागा कडेने अंधुक दिसे. तिला ती सरळ बघायची होती.

तिने हिशेब मांडला. डाग तेवढाच राहील असं धरलं. चित्र मोठं केलं तर जागा मोठी होईल. भिंतीएवढं केलं तर जागा डागापेक्षा मोठी होईल आणि डागाच्या भोवती तिची कड दिसेल. म्हणजे चित्र मोठं छापायचं, लवकर छापायचं, डाव्या डोळ्यात रक्त उतरण्याआधी. तिने माझ्याकडे एवढीच एक गोष्ट मागितली.

गोंदियात फ्लेक्सची दुकानं तेव्हा गल्लोगल्ली होती. छापणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते मोठं चित्र तयार करणं. कार्यालयात जनरेटर होता, संगणक नवे होते आणि दुपारपर्यंत ते रिकामे असत, कारण पानं संध्याकाळी लागत. ऑपरेटरला विचारलं. तो लगेच तयार झाला. "बहनजी का काम है ना? हो जाएगा." सीडीवरून प्रोग्रॅम त्याच्या संगणकावर चढला. पण घरच्या संगणकातून काही बाहेर काढायचं तर फ्लॉपीखेरीज मार्ग नव्हता आणि कार्यालयाच्या नव्या संगणकांना फ्लॉपीची खाच नव्हती. चित्र मात्र आकड्यांचंच होतं. आकडे नेले की चित्र नेल्यासारखं. मी घरच्या पडद्यावरून ते कागदावर उतरवले. तिने मला ते दोनदा वाचायला लावले आणि पाठ असलेले आकडे सोबत म्हटले. कागद मी ऑपरेटरला दिला. त्याने ते टाकले आणि सकाळी चित्र लावून दिलं. दोन-तीन दिवसांत ते पुरं झालं. त्याने ते सीडीवर घालून परस्पर फ्लेक्सच्या दुकानात पोचवलं. मी दुकानातून गुंडाळी घेतली तेव्हा ती दोरीने बांधलेली होती.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे डिझाईन कुठून काढलं? एकदम भारी. आग लगी है आग."

गुंडाळी पॅसेंजरच्या दारातून आत घेताना वाकवावी लागली. घरी दारासमोरच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, आमच्या समाजात प्रत्येक घरी असतात त्या. त्या हलवायला मायने नकार दिला. म्हणून फ्लेक्स खाटेसमोरच्या दुसऱ्या भिंतीवर लावला, वरून खिळे, खालून विटा. दुपार होती, दार उघडं होतं, उजेड चांगला होता. बहिणीने खाट किती मागे ओढायची ते सांगितलं. मग ती बसली आणि उजवा डोळा तळहाताने झाकला.



"मधी काळं दिसून राहिलं," ती म्हणाली.

मी हातोडी खाली ठेवली.

"ते चित्रात आहे का माह्या डोळ्यात? तू पाहून सांग, दादा. बातमी सांगतो तसं."

मी पाहिलं. तांब्याच्या रेषा मधोमध येऊन एकमेकींत घुसल्या होत्या. मागे फिरत नव्हत्या. जिथे जागा असायला हवी होती तिथे सगळ्यात जास्त उजेड होता.

"चित्रात नाही," मी म्हणालो.

तिने नजर डाव्या वरच्या कोपऱ्याकडे नेली. "आता अठी काळं आहे." मग उजवीकडे. "आता अठी." मग मान वळवून तसबिरींच्या भिंतीकडे पाहिलं. "आन् आता तठी." हात डोळ्यावरून काढला. "बरोबर आहे. माहंच आहे ते."

माय दारात उभी होती. "कायले नाराज होऊन राहिली वो? चांगलं तं दिसून राहिलं. भरलेलं दिसते."

"म्हनूनच ते माहं नाई, माय."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात ऑपरेटरच्या संगणकावर आकडे उघडून पाहिले. प्रत्येक आकड्याला दशांशानंतर दोनच स्थळं होती. कागदावर होते त्यांतले बाकीचे नव्हते.

"भैया, हे आकडे असे काऊन?"

"कैसे?"

"दोनच."

"तो? अपना नियम है ना, भाऊ. दशमलव के बाद दो." तो खुर्ची ओढून जवळ आला. "एक भी गलत राउंड नहीं किया. देख लो कागज से. जहाँ पाँच था, वहाँ बढ़ाया. जहाँ नहीं था, छोड़ दिया. इतने दशमलव कौन पढ़ता है?"

मी कागदाशी ताडून पाहिलं. त्याचं म्हणणं खरं होतं. एकही आकडा नियमाबाहेर नव्हता.

मी त्याला चौथ्या स्थळाचं सांगितलं. रेषा का मागे फिरतात, का फिरल्या नाहीत, आणि बहिणीच्या डाव्या डोळ्याचं. मग कागद त्याने माझ्या हातातून घेतला, समोर टेकवून ठेवला आणि सगळे आकडे पुन्हा टाकले, प्रत्येक आकडा तोंडाने म्हणत. चहा आला तो तसाच गार झाला.

पण ते दिवस निवडणुकीचे होते. पुरवण्या सकाळपासून लागत, संगणक रिकामा मिळेना. चित्र दोनदा सुरू केलं, दोनदा अर्ध्यावर थांबवावं लागलं, कारण त्याच संगणकावर कोणातरी उमेदवाराची पानभर जाहिरात घ्यायची होती. ऑपरेटर दर वेळी मला येऊन सांगे. सांगण्यासारखं नवीन काही नसे. घरी बहीण विचारीत नसे. मी दार उघडलं की ती माझ्या हातांकडे पाही आणि गुंडाळी नाही हे तेवढं तिला अजून दिसे.

मतमोजणी झाली. आमच्या पानावर मतांची टक्केवारी दोन दशांशांत छापली गेली. संगणक मोकळा झाला आणि चित्र लागलं. त्याच आठवड्यात बहिणीला छातीत दुखायला लागलं आणि ताप आला. तिला नागपूरला न्यावं लागलं. ती तिथे असताना डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी तेव्हा डोळ्यांकडे लक्ष दिलं नाही, कारण फुप्फुसाकडे द्यायचं होतं. ती वाचली. घरी आली तेव्हा दार उघडं आहे का बंद, एवढं तिला कळे. कोणीतरी समोरून गेलं, एवढं कळे.

दुसरी गुंडाळी तोवर कार्यालयात येऊन पडली होती. ऑपरेटरने ती दुकानात उघडून, प्रत्येक कोपरा पाहून आणली होती. ती नेऊ की नको, हे मला ठरवता येईना. त्यानेच ती माझ्यासोबत स्टेशनवर आणून दिली.

पहिला फ्लेक्स काढून मी दुसरा लावला. बहीण खाटेवर होती. खिळ्यांचा आवाज तिने ऐकला.

"आता आहे जागा?"

"आहे."

"रेषा फिरतात मागे?"

"फिरतात."

"केवढी आहे?"

"सुमारे एक वीत," मी म्हणालो.

"सुमारे," ती म्हणाली.

हा शब्द आम्ही रोज वापरतो. सुमारे इतके लोक, सुमारे इतकं नुकसान. मी कोनाड्यातली पट्टी काढली आणि जागेची रुंदी मोजायला लागलो. कड सरळ नव्हती. कुठून कुठवर मोजायचं ते ठरत नव्हतं.

"राहू दे गा दादा," ती म्हणाली. "मोजून कोनाले सांगशील?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर तिने त्या चित्राबद्दल विचारलं नाही आणि संगणकही लावायला सांगितला नाही. फासा मात्र तिच्या उशाशी असे. ती तो हातात फिरवी, टाकत नसे.

पहिलं चित्र, नियमाने गोल केलेल्या आकड्यांचं, सीडीवर फ्लेक्सच्या दुकानात राहिलं होतं. दुकानदाराने ते पार्श्वभूमी म्हणून वापरायला घेतलं. वाढदिवसाच्या फलकांमागे, निवडीबद्दल अभिनंदनाच्या फलकांमागे तांब्याच्या त्या रेषा दिसू लागल्या. गोंदियात दिसल्या, मग तिरोड्याच्या चौकातही एक फलक लागला. मायने तो पाहिला आणि धावत घरी आली.

"तुहं चित्र चौकात लागलं वो! केवढं मोठं!"

"कोन्तं?"

"ते सुंदरवालं. भरलेलं."

"ते माहं नाई," बहीण म्हणाली. माय अजून धापा टाकत होती.

पहिला फ्लेक्स मायने कापणीनंतर बांधीवर नेऊन धानाच्या पुंजण्यावर, कापलेल्या धानाच्या ढिगावर, टाकला. अवकाळी पाऊस आला त्यात धान वाचलं. दुसरा भिंतीवरच राहिला. त्याच्याकडे बघणारं घरात कोणी नव्हतं. माय त्याला रिकामवालं म्हणे.

बहीण थंडीत गेली. त्यात वर्णन करण्यासारखं काही नाही. आजाराच्या पुस्तकात जे लिहिलेलं आहे त्याच क्रमाने झालं.

अंत्यविधी आटोपून दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो, कारण घरी बसून काय करावं हे मला समजत नव्हतं. निधनवार्तेचा मजकूर ऑपरेटरनेच टाकून ठेवला होता. निधनवार्तेच्या पहिल्या ओळीचा आमच्याकडे एक ठरलेला साचा होता, संगणकात तयार ठेवलेला. त्यात नाव, गाव आणि वय भरायचं. साच्यात शब्द होते, "यांचे अल्पशा आजाराने निधन झाले." माणूस वर्षानुवर्षं अंथरुणाला असो किंवा एका दिवसात जावो, वर्षानुवर्षं आमच्याकडे तोच शब्द छापला जात होता. नियम नव्हता, सवय होती.

मी प्रुफावर "अल्पशा" खोडलं.

ऑपरेटरने चष्मा वर केला. "इसकी जगह क्या डालूँ, भाऊ? 'दीर्घ' डालूँ?"

"काही नको."

"जगह खाली दिखेगी."

"दिसू दे."

त्याने शब्द काढला. पण पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये शब्द काढला की जागा उरत नाही. पुढचे शब्द आपोआप मागे सरकतात. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत होतो. "आजाराने निधन झाले" हे शब्द डावीकडे आले, खालच्या ओळीतला एक शब्द वर चढला आणि ओळ दोन्ही कडांना भिडली.

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पान वेळेवर गेलं.